हात वर करा

वकील विचारतो, दुखायला नेमकं कधी लागलं?
त्याच रात्री, मी सांगते, स्वेटर काढताना.
कोणाला बोललात?
कुत्र्याला.
तो हसत नाही. लिहूनही घेत नाही.

कायद्याला अठ्ठेचाळीस तास लागतात.
सुई टोचल्यापासून तेवढ्या वेळात
दुखणं सुरू झालं, हे कशावर तरी उमटलेलं हवं,
आणि मी, व्हर्ना होल्मक्विस्ट, वय त्रेसष्ट,
डॉक्टरकडे गेले तेव्हा डुलुथचं बंदर गोठलं होतं,
लोखंडाचं शेवटचं जहाज कधीच निघून गेलं होतं.
आमच्यात असंच. मोडल्या मनगटानं आई
आठवडाभर धारा काढत होती.
दुखण्याला आम्ही हट्टी पोरासारखं
पाहुण्यांसमोर दटावून गप्प बसवतो.

औषधांचं दुकान. शाम्पूच्या फळ्या संपतात तिथे
पडदा आणि खुर्ची.
मी बसलेली, तो पोरगा उभा,
पंचविशीचा, सकाळपासून जेवला नसावा.
बाही वर सारायची तर मी गळाच खाली ओढला.
वाकायला हवं होतं त्यानं.
दोन बोटं वर गेली सुई, फार तर तीन.
त्याचं नाव मी वकिलाला सांगितलं नाही.
कागदात आहेच म्हणा.

माझं कामच हात वर करण्याचं.
शाळेच्या कोपऱ्यावर, सकाळी आणि सुटताना,
लाल अष्टकोनी पाटी.
ती उचलली की ओंडक्यांचे ट्रकसुद्धा थांबतात.
नऊ वर्षं थांबले.
आता हात खांद्यापर्यंत येतो
आणि आतून कोणीतरी कडी घालतं.

दुकानानं हात वर केले.
विमा कंपनीनंही केले.
बाकी सगळ्यांना जमतं ते.

रॉस्को कुंपणावर टेकून म्हणाला,
सांगत नव्हतो, लस म्हणजे विष?
मी त्याला आत नेलं, जिन्यातला फोटो दाखवला:
माझी थोरली बहीण, मी जन्मायच्या आधीची,
पायांना लोखंडी पट्ट्या.
पोलिओची लस तिच्यासाठी दोन वर्षं उशिरा आली.
माझं भांडण सुईशी नाही, रॉस्को,
दोन बोटांशी आहे.
तो कॉफी न पिताच गेला.

पैसे दुकान देत नसतं, वकील सांगतो.
प्रत्येक लशीमागे पंचाहत्तर सेंट बाजूला पडतात,
त्या गल्ल्यातून.
म्हणजे मी रस्ता ओलांडून दिलेल्या पोरांचे,
आणि मासे धरताना गळ अंगठ्यात घुसला तेव्हा
रॉस्कोनं घेतलेल्या धनुर्वाताच्या लशीचेही.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.
राखून ठेवलंय.

मग ड्रॉवरमध्ये ते चित्र सापडलं.
दुसरीतल्या पाकू व्हांगनं हॅलोविनला दिलेलं:
माझं डोकं भोपळ्याचं,
पाटी डाव्या हातात,
उजवा कोटाच्या खिशात, खोल.
मागे बाईंच्या पेन्सिलीत तारीख, तीस ऑक्टोबर.
टोचलं होतं अठ्ठावीसला.
तास लिहिलेला नाही.
वकिलानं ते प्लॅस्टिकमध्ये घातलं,
पुरावा क्रमांक अकरा.
एवढ्या लोकांत एकीनं पाहिलं होतं,
आणि तिला वाटलं असेल, व्हर्नाचं असंच असतं.

बँकेतली नोटरी म्हणाली, शपथेसाठी उजवा हात वर करा.
मी केला. कडीपर्यंत.
ती थांबून राहिली, मी अजून वर नेईन म्हणून.
एवढाच, मी म्हटलं.
डावा चालेल की, ती म्हणाली.
नको. हाच.
तिनं शिक्का मारला. तो जरा तिरका पडला.

निकाल यायचाय. वर्षं लागतात म्हणे.
पुन्हा ऑक्टोबर आला, पुन्हा तोच पडदा,
पोरगा दुसरा.
मी डावी बाही पार वरपर्यंत गुंडाळली,
पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं
आणि म्हटलं,
आधी तू बस.